चित्रकलेचा तास आणि सात गुण

दहावीच्या गुणपत्रिकेत चित्रकलेची किंमत ७ गुण आहे. कला संचालनालयाच्या इंटरमिजिएट परीक्षेत ‘अ’ श्रेणी मिळवणाऱ्याला ७ सवलतीचे गुण मिळतात, ‘ब’ श्रेणीला ५ आणि ‘क’ श्रेणीला ३. पाचशेपैकी सात म्हणजे १.४ टक्के. अकरावीच्या प्रवेशयादीत एवढ्यानेही नाव वर सरकते. म्हणून फलटणसारख्या तालुक्याच्या गावात एरवी ‘चित्रं काढून पोट भरणार आहे का?’ असे विचारणारे पालक मुलांना हौसेने एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसवतात. ही परीक्षा नसती, तर कितीतरी माध्यमिक शाळांतून रंगपेटी केव्हाच गेली असती. तिचे हे ऋण मान्य करूनच तिने चित्रकलेचे काय केले ते पाहायला हवे.

वस्तुचित्र किंवा स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि भूमिती हा साचा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. त्यात बळ आहे. तांब्या, कांदा आणि घडी घातलेले फडके समोर ठेवून तासभर निरखणारा मुलगा छायाप्रकाश शिकतो, तांब्याच्या काठाची लंबगोल कडा डोळ्यांच्या पातळीनुसार कशी बदलते ते शिकतो. हे शिक्षण मोबाइलवरून मिळत नाही. दृश्यकलेच्या पदवी प्रवेशासाठीच्या राज्याच्या सीईटीतही वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि संकल्पचित्र आहेतच. अडचण येते ती स्मरणचित्रात. फुगेवाला, भाजीमंडई, बसथांबा यांच्या तयार आकृत्या मार्गदर्शक पुस्तकांतून गिरवून पाठ केल्या जातात. फलटणच्या रामाच्या रथयात्रेची गर्दी किंवा वारीतला पालखीतळ प्रत्यक्ष पाहिलेला मुलगाही कागदावर पुस्तकातलीच माणसे उभी करतो, कारण श्रेणी त्यांनाच मिळते असे त्याला सांगितलेले असते.

ग्राफिक डिझाइनचा या सगळ्यात प्रवेश होतो तो भूमितीच्या आडोशाने. एलिमेंटरीत अक्षरलेखन भूमितीच्या पेपरला जोडलेले आहे. पट्टीने चौकटी आखून त्यांत ठोकळेबाज अक्षरे बसवायची आणि रंगवायची. शिरोरेषेची जाडी, काना आणि वेलांटी यांचे प्रमाण, जोडाक्षरातला कोणता अवयव दाबायचा, दोन अक्षरांमधली मोकळी जागा डोळ्याने कशी तोलायची, या देवनागरीच्या खऱ्या प्रश्नांना तिथे हात लागतोच असे नाही. अक्षर चौकटीत बसले की काम झाले. ज्या राज्यात र. कृ. जोशी घडले, तिथली ही स्थिती मनाला लागते. विंडोजवरचा ‘मंगल’ हा देवनागरी टंक जोशींचा. लाखो मराठी माणसांनी संगणकावरचे पहिले मराठी वाक्य त्याच टंकात वाचले असेल. त्यांचे नाव मात्र किती शाळकरी मुलांच्या कानावर गेले आहे?

या भागात चित्रकला ही कायम जादा गुणांची बाब होती, असे मात्र नाही.

फलटणच्या दक्षिणेला, खटाव तालुक्यात औंध आहे. तिथले राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. रामायणावरची त्यांची चित्रमालिका १९१६ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. यमाईच्या डोंगरावर त्यांनी १९३८ मध्ये श्री भवानी संग्रहालय उभारले. राजा रविवर्म्याची ‘सैरंध्री’ आणि हेन्री मूरचे दगडातले ‘आई आणि मूल’ एकाच छपराखाली पाहायला माणदेशातल्या शाळकरी पोराला मुंबई गाठावी लागत नाही.

याच औंध संस्थानच्या जमिनीवर, आजच्या सांगली जिल्ह्यात, १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. तिचे संस्थापक लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मुळात चित्रकलेचे विद्यार्थी. १८८५ मध्ये ते जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. काही रंग आपल्याला नीट ओळखता येत नाहीत हे लक्षात आल्यावर त्यांनी रंग सोडले आणि यांत्रिक रेखाटन धरले. पुढे ते मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तेच शिकवू लागले. नांगराचा कारखाना काढणाऱ्या या माणसाच्या हाताला वळण लावले ते रेखाटनाने. त्यांचे पुतणे शंकरराव यांनी लाहोरला पंडित सातवळेकरांकडे चित्रकलेचे धडे घेतले. कारखान्याच्या जाहिराती त्यांनी हाताळल्या, व्यंगचित्रे काढली आणि १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. पुढे त्याचेच ‘किर्लोस्कर’ मासिक झाले, जोडीला ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ आली. नांगर विकायचा तर शेतकऱ्याला तो चित्रातून समजला पाहिजे, हे त्या माळरानावरच्या मंडळींनी ओळखले होते. आज ज्याला ग्राफिक डिझाइन म्हणतात, ते सातारा-सांगलीच्या मातीत शंभर वर्षांपूर्वी पोटापाण्याचे काम होते.

आज तेच काम फ्लेक्सच्या दुकानात चालते. हाताने पाट्या रंगवणारे पेंटर मागे पडले आणि कोरलड्रॉ व श्रीलिपी चालवणारी तरुण मुले आली. वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फलक तासाभरात छापून मिळतो. एकाच फलकावर पाच प्रकारचे टंक, सोनेरी कडा, सावल्यांवर सावल्या आणि कोपऱ्यात दोन डझन चेहरे. या मुलांना नावे ठेवणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. फलकावर नजर आधी कुठे जाते, मजकूर किती आणि मोकळी जागा किती, हे त्यांना शाळेत कुणी शिकवले? फलटण परिसरात कमिन्सचे मोठे कारखाना-संकुल आहे, साखर कारखाने आहेत, दूध आणि डाळिंबाचा व्यापार आहे. वेष्टन, सूचनापत्रक, बोधचिन्ह यांची गरज इथे रोजची आहे.

शिकवणार कोण, हा खरा पेच आहे. शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी, शंभराहून अधिक पट असेल तर, कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांना अंशकालीन निदेशक ठरवले. राज्यात त्यातून मानधनावरच्या ‘अतिथी निदेशकां’ची व्यवस्था पुढे आली. एलिमेंटरीची तयारी ज्या वयात सुरू होते, नेमक्या त्याच वर्गांसाठी पूर्णवेळ कलाशिक्षक हा हक्क उरला नाही. तासापुरता येणारा शिक्षक वस्तुचित्र मांडून जाईल. मुलाच्या वहीतली रेघ वर्षभर पाहणे त्याच्याकडून कसे होणार? आर्ट टीचर डिप्लोमा घेतलेली मंडळी जिल्ह्याजिल्ह्यांत नोकरीची वाट पाहत असताना हे चालू राहावे, ही धोरणाची सरळ चूक आहे.

फलटणात कमला निंबकर बालभवन ही मराठी माध्यमाची शाळा आहे. तिच्या पाठीशी असलेली प्रगत शिक्षण संस्था अमेरिकेतून येऊन भारतीय झालेल्या भाषातज्ज्ञ मॅक्सीन बर्नसन यांनी स्थापली. ज्यांचे नाव शाळेला आहे, त्या कमलाताईंनी भारतात व्यवसायोपचाराचा पाया घातला. हाताला काम देऊन रुग्णाला पुन्हा उभे करण्याचे ते शास्त्र. हाताने घडवण्याला शिक्षणात मान आहे, हे फलटणकरांना नव्याने सांगण्याची गरज नाही.

खर्चाची सबबही फारशी टिकत नाही. ‘एक टाइप’ या मुंबईच्या संस्थेचे ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे देवनागरी टंक मुक्त परवान्याने विनामूल्य मिळतात. शाळेच्या संगणक कक्षात ते बसवून आठवीच्या वर्गाला एसटी स्थानकाचे वेळापत्रक नव्याने मांडायला देता येईल. त्याआधी बोरूने ‘फलटण’ हा शब्द पुरेसा मोठा लिहून घ्यावा, म्हणजे ‘फ’ आणि ‘ण’ यांची वळणे कुठे अडतात ते मुलांना हातानेच कळेल. अक्षरलेखनाला भूमितीपासून वेगळा, स्वतंत्र पेपर मिळायला हवा. राज्याच्या २०२४ च्या शालेय अभ्यासक्रम आराखड्यात कलाशिक्षणाला विषय म्हणून जागा आहे. दहावीपर्यंतच्या वेळापत्रकात त्याला तास आणि त्या तासाला कायम पगारी शिक्षक मिळतो का, हे आता शासनाच्या पदभरतीच्या जाहिरातींत पाहायचे.