कबुली की हिशेब?

शांती नगरातील माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील मुंबईत हमाली करतात. गांजा ओढताना सापडले, कोर्टात ‘गुन्हा कबूल’ म्हणाले, दंड भरून सुटले. पोराने विचारले, “सर, बाबांनी वकील का नाही दिला?”

याचे उत्तर ‘विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसी’च्या 2020 च्या अभ्यासात मिळते. मुंबईच्या दंडाधिकारी न्यायालयांनी 2017 व 2018 मध्ये निकाली काढलेली अमली पदार्थांची 10,669 प्रकरणे त्यात तपासली आहेत. बहुतेक गांजा-सेवनाची. आरोपी बहुतांशी रोजंदारीवरचे, झोपडपट्टीतले, फुटपाथवरचे. जवळजवळ सर्वांनी गुन्हा कबूल केलेला. या पत्त्यांवर कोणत्या जातींची माणसे राहतात, हे आपल्या वाचकांना सांगायला नको.

ही मोजणी मोलाची आहे. पण त्या कबुलीला मी कबुली मानत नाही. तो पोटाचा हिशेब आहे. खटला लढायचा तर दर तारखेला रोज बुडतो, दंड एकदाच. गुन्हेगार हा शिक्का मात्र राहतो.

1985 च्या कायद्याचे कलम 27 गांजा-सेवनाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही सांगते. त्याच कायद्याच्या कलम 39 नुसार व्यसनी माणसाला शिक्षेऐवजी, त्याच्या संमतीने, उपचारासाठी सोडता येते. त्याच झाडाच्या नुसत्या पानांची भांग मात्र गांजाच्या व्याख्येत येत नाही; ती सणाला उजळ माथ्याने घोटली जाते.

मी व्यसनाची वकिली करीत नाही. व्यसनाने आपल्या वस्त्या पोखरल्या आहेत. म्हणूनच म्हणतो, कार्यकर्त्यांनी कलम 39 वस्तीत समजावून सांगावे आणि तारखेला त्या माणसाशेजारी उभे राहावे.