विल्युइस्कचा प्रवास : जुनं प्रवासवर्णन पुरावा म्हणून कसं वाचायचं?

संशोधनाची तयारी करणारे विद्यार्थी एक प्रश्न हमखास विचारतात : "जुनं प्रवासवर्णन संदर्भ म्हणून वापरलं तर चालतं का?" याला दोन ठरलेली उत्तरं मिळतात. एक, "जुनं आहे म्हणजे प्राथमिक साधन, बिनधास्त वापरा." दुसरं, "ते साहित्य झालं, नको." मला दोन्ही अर्धवट वाटतात. पुस्तक सबंध घ्यायचं किंवा सबंध टाकायचं, असा हा प्रश्नच नाही. पुस्तकातलं कुठलं विधान कशाच्या जोरावर उभं आहे, ते बघायचं असतं. हे नुसतं सांगून कळत नाही, म्हणून आज एकच पुस्तक घेऊ आणि ते उलगडून बघू.

पुस्तक आहे केट मार्सडेन या ब्रिटिश नर्सचं, 'ऑन स्लेज अँड हॉर्सबॅक टु आउटकास्ट सायबेरियन लेपर्स'. १८९१ साली ती मॉस्कोहून निघाली आणि स्लेज, घोडागाडी, नदीतली होडी असं करत ईशान्य सायबेरियातल्या याकुत्स्कला पोचली. तिथून पुढे घोड्यावर विल्युइस्कला आणि त्याच्याही पलीकडच्या जंगलात गेली. तिथे कुष्ठरुग्ण झोपड्यांमध्ये एकाकी राहतात, असं तिने ऐकलं होतं. रशियाच्या सम्राज्ञीचं पत्र तिच्याजवळ होतं. परत येऊन तिने हे पुस्तक लिहिलं आणि रुग्णालयासाठी पैसे गोळा केले. हे एवढं डोक्यात ठेवा, पुढे लागणार आहे.

आधी जागा समजून घ्या

कुठलंही प्रवासवर्णन उघडण्याआधी त्या जागेबद्दल दुसरीकडून थोडं वाचून घ्यावं. नाहीतर लेखक दाखवेल तेवढंच आपल्याला दिसतं.

विल्युइस्क हे विल्युइ नदीकाठचं छोटं गाव. विल्युइ ही लेना नदीची डावीकडून येणारी मोठी उपनदी. याकुत्स्कपासून हे गाव रस्त्याने सुमारे सहाशे किलोमीटरवर आहे. १६३४ साली कोसॅकांनी इथे हिवाळी ठाणं उभं केलं. त्याच्या दोनच वर्षं आधी याकुत्स्क वसलं होतं. रशियन लोक आले ते मुख्यतः सेबलसारख्या फरच्या लोभाने. स्थानिकांकडून ते फरच्या रूपात कर घ्यायचे, त्याला 'यसाक' म्हणत.

पण नदीकाठ रिकामा नव्हता. तिथे साखा लोक होते, ज्यांना रशियन 'याकुत' म्हणायचे. त्यांची भाषा तुर्की कुळातली. एवढ्या थंडीत ते घोडे आणि गुरं पाळतात, घोडीच्या दुधाचं आंबवलेलं कुमिस पितात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर 'इसिआख' हा सण करतात. त्यांचं जुनं हिवाळी घर म्हणजे 'बलगान' : लाकडाच्या कलत्या भिंती आणि त्यांना बाहेरून माती आणि शेणाचा लेप. शेणाने सारवलेलं घर आपल्याला नवीन नाही. युरोपीय प्रवाशाला मात्र ती घाण वाटायची, आणि 'घाणेरडं' हा शब्द अशा पुस्तकांत वारंवार भेटतो. असं विशेषण दिसलं की थांबा. ते वस्तूबद्दल जेवढं सांगतं, तेवढंच बघणाऱ्याबद्दलही सांगतं.

झारच्या सरकारने हा भाग हद्दपारीसाठीही वापरला. रशियन विचारवंत चेर्निशेव्स्की १८७२ ते १८८३ विल्युइस्कमध्येच कैदेत होता. म्हणजे मार्सडेन आली तेव्हा हे गाव 'कुणालाच ठाऊक नसलेलं' मुळीच नव्हतं. रशियातल्या शिकलेल्या माणसाला ते चांगलंच माहीत होतं. 'अज्ञात प्रदेश' हा शब्द वाचला की विचारा : कुणाला अज्ञात?

कुठे विश्वास ठेवायचा

शीर्षकात 'स्लेज' आहे, त्यामुळे आपल्या डोळ्यांसमोर बर्फ येतो. पण विल्युइचा भाग, म्हणजे पुस्तकाचा खरा गाभा, घडतो उन्हाळ्यात. तिथे बर्फ नाही. तिथे दलदल आहे, डासांचे ढग आहेत, चिखलात रुतणारे घोडे आहेत आणि जमिनीतून येणारा धूर आहे.

हे सगळं रंगवून सांगितलंय का? मी मातीतल्या पाण्यावर काम करते, म्हणून इथे जरा थांबले. मध्य याकुतियात वर्षाला साधारण २०० ते २५० मिलिमीटर पाऊस-बर्फ पडतो. आपल्या दुष्काळी माणदेशापेक्षाही कमी. मग दलदल कशी? कारण वरचा थोडा थर सोडला तर खालची जमीन कायम गोठलेली असते. उन्हाळ्यात वरचा थर वितळतो, पण पाण्याला खाली मुरायला वाटच नाही. ते वरच साचतं, आणि साचलेल्या पाण्यावर डास.

ही गोठलेली जमीन किती खोल आहे, याचा अंदाज मार्सडेनच्या आधीच आला होता. याकुत्स्कमध्ये शेर्गिन नावाच्या व्यापारी कंपनीच्या कर्मचाऱ्याने १८२८ ते १८३७ या काळात पाण्यासाठी विहीर खणली. ११६ मीटर खाली गेला तरी जमीन गोठलेलीच. पाणी लागलं नाही, पण पुढे १८४०च्या दशकात मिडेनडॉर्फ या शास्त्रज्ञाने त्याच विहिरीत वेगवेगळ्या खोलीवर तापमान मोजलं.

धुराचंही तसंच. तैगातल्या पीटला, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थराला, आग लागली की ती जमिनीखाली धुमसत राहते. वरून ज्वाळा दिसतीलच असं नाही. मार्सडेनला यामागचं कारण माहीत असण्याची गरज नव्हती. तिने पायाखाली जे अनुभवलं ते लिहिलं, आणि ते भूगोलाशी जुळतं.

तर पहिला थर हा : लेखकाच्या शरीराला जे जाणवलं आणि जे स्वतंत्रपणे ताडून बघता येतं. या थरात हे पुस्तक भरवशाचं आहे.

कुठे सावध व्हायचं

आता झोपड्यांकडे वळू. मार्सडेन लिहिते की रोग्यांना वस्तीपासून दूर जंगलात राहावं लागे, वस्तीवरचे लोक लांब एका जागी अन्न ठेवून जात, आणि स्वतःला रोग नसलेली एक मुलगीही रोगी आईमुळे तिथेच अडकली होती. वाचताना पोटात कालवतं.

पण हे तिला कळलं कसं? तिला साखा भाषा येत नव्हती, रशियनही येत नव्हती. म्हणजे झोपडीतल्या माणसाचं बोलणं आधी रशियनमध्ये आणि मग तिला समजेल अशा भाषेत यायचं. शिवाय ती एकटी नव्हती. सोबत कोसॅक, अधिकारी आणि खुद्द सम्राज्ञीचं पत्र. तुम्ही त्या झोपडीत असता आणि असा ताफा दारात उभा राहिला असता, तर काय बोलला असता? मदत मिळेल असं बोलला असता, की अधिकारी चिडणार नाहीत असं? फील्डवर्क करणाऱ्या प्रत्येकाने हा प्रश्न स्वतःलाही विचारावा. सरकारी ओळखपत्र गळ्यात घालून गावात गेलात की मिळणारी उत्तरं बदलतात.

'आउटकास्ट' हा शब्दही तपासा. मराठीत आपण 'वाळीत टाकलेले' म्हणू. पण वाळीत टाकलेल्याला कुणी रोज अन्न पोचवत नाही. रोगाची भीती आणि आपल्या माणसाची जबाबदारी, दोन्ही त्या लांब ठेवलेल्या अन्नात आहेत. मार्सडेनचं लक्ष भीतीवर आहे. जबाबदारीची नोंद तिच्याच पानांवर आहे, फक्त ती तिकडे वळून बघत नाही. साखा गावाला दोष देणं सोपं होतं. त्या अफाट मुलखात रुग्णालय न उभारणाऱ्या सरकारला दोष देणं तिला परवडणारं नव्हतं, कारण परवानगी त्याच सरकारची होती.

आणखी एक शंका. हॅनसेनने १८७३ मध्ये कुष्ठरोगाचा जिवाणू शोधला होता, पण जंगलातल्या झोपडीत सूक्ष्मदर्शक कुठला? रोगी कोण, हे नजरेने ठरत होतं. पुढे विसाव्या शतकाच्या मध्यात सोव्हिएत डॉक्टरांनी याच खोऱ्यातल्या एका वेगळ्याच आजाराचं वर्णन केलं. तो मेंदू आणि मज्जासंस्थेचा असून त्याला विल्युइचंच नाव आहे. मग त्या झोपड्यांतले सगळेच कुष्ठरोगी होते का? पुस्तकावरून हे ठरवता येत नाही. म्हणून 'मार्सडेनने इतके कुष्ठरुग्ण पाहिले' असं लिहू नका. 'ज्यांना कुष्ठरुग्ण मानून वेगळं ठेवलं होतं अशी माणसं तिने पाहिली' एवढंच लिहा. वाक्य लांबतं, पण खरं राहतं.

हा दुसरा थर : दुभाष्यामार्फत ऐकलेलं आणि सत्तेच्या सावलीत सांगितलेलं.

पुस्तक कशासाठी लिहिलंय?

तिसरा थर हेतूचा. हे पुस्तक पैसे उभे करण्यासाठी लिहिलंय. वाचकाने हळहळून खिशात हात घालावा, अशी त्याची रचना आहे. म्हणून त्यात सर्वाधिक जागा कुणाला मिळते ते बघा : लेखिकेच्या हालांना. सुमारे अठरा किलो प्लम पुडिंग सोबत घेतल्याची गोष्ट लक्षात राहते, इतके कपडे चढवले की तिला उचलून स्लेजमध्ये ठेवावं लागलं हेही लक्षात राहतं. झोपडीतल्या माणसांचं स्वतःचं म्हणणं मात्र पुस्तक मिटल्यावर आठवत नाही. कलाकृती म्हणून ही माझी सगळ्यात मोठी तक्रार आहे. ज्यांच्यासाठी एवढा प्रवास केला, ते पुस्तकात बघण्याची वस्तू होऊन राहतात.

त्या काळातल्या टीकाकारांनी यातलं फारसं काही विचारलं नाही. १८९४च्या सुमारास तिच्यावर मोठं वादळ उठलं. इझाबेल हॅपगुड ही रशियन साहित्याची अमेरिकन अनुवादक त्यात पुढे होती. हिशेब, हेतू, खाजगी आयुष्य, सगळं चव्हाट्यावर आलं. हिशेब तपासणं रास्तच. पण बाईचं चारित्र्य ठरवून पुस्तकाचं खरंखोटं ठरत नाही. 'ती तशीच आहे, म्हणजे झोपड्याही खोट्या' हा तर्क तेव्हाही लंगडा होता. आपल्याकडे सेमिनारमध्ये आजही तो चालतो, फक्त भाषा सभ्य असते. १९२१ मध्ये स्वतःच्या बचावासाठी तिला आणखी एक पुस्तक लिहावं लागलं.

आणि १८९७ मध्ये विल्युइस्कजवळ कुष्ठरुग्णांसाठी रुग्णालय सुरू झालं. एकांगी लिहिलेल्या पुस्तकामागे खरं छप्पर उभं राहिलं. हे नाकारून केलेली टीका मला अप्रामाणिक वाटते.

शेजारी दुसरं पुस्तक ठेवा

वात्स्वाव सिएरोशेव्स्की हा पोलिश क्रांतिकारक १८८०मध्ये व्हर्खोयान्स्कला हद्दपार होऊन आला. तो साखा लोकांमध्ये सुमारे बारा वर्षं राहिला, भाषा शिकला, साखा स्त्रीशी लग्न केलं. १८९६ साली त्याचा 'याकुती' हा जाडजूड रशियन ग्रंथ आला. घरं, गुरं, नातीगोती, श्रद्धा, सगळं त्यात आहे. मार्सडेनच्या पानांवरचा 'याकुत' त्याच्याकडे काम करणारा, भांडणारा, हिशेब ठेवणारा माणूस होतो.

म्हणजे तो बरोबर आणि ती चूक? इतकं सरळ नाही. त्यालाही तिथे आणलं साम्राज्यानेच, कैदी म्हणून. बारा वर्षांनी खोली येते, तसा सवयीचा आंधळेपणाही येऊ शकतो. पाहुण्याला खुपतं ते रहिवाशाला कधी कधी दिसेनासं होतं. आणि इंग्रजीत तुम्ही सिएरोशेव्स्की वाचणार असाल तर बहुधा १९०१ सालचा, अमेरिकन समाजशास्त्रज्ञ समनर याने केलेला संक्षेप वाचाल. संक्षेप करणाऱ्याने काय ठेवलं आणि काय गाळलं, हा चौथा थर झाला. संदर्भसूचीत मूळ ग्रंथाचं नाव टाकून संक्षेपातून उतरवून घेणं ही लबाडी आहे. गाइडच्या नजरेतून सुटली तरी लबाडीच.

तुमच्यासाठी काम

तुमच्या विषयातलं एखादं जुनं प्रवासवर्णन घ्या. त्यातली फक्त दहा पानं निवडा आणि प्रत्येक विधानापुढे चार रकाने आखा : स्वतः पाहिलं, दुसऱ्याकडून ऐकलं, अंदाज केला, वाचकाला पटवण्यासाठी लिहिलं. पहिल्या रकान्यातली विधानं दुसऱ्या एखाद्या स्रोताशी ताडून बघा, मी दलदलीचं केलं तसं. दुसऱ्या रकान्यात मध्ये किती भाषा आल्या आणि तिथे हजर कोण होतं, ते लिहा. तिसऱ्या आणि चौथ्या रकान्यातलं फेकून देऊ नका. त्या काळच्या माणसाला काय पटत होतं, याचा तो पुरावा आहे.

एकच विधान दोन रकान्यांत बसतंय असं वाटलं तर दोन्हीकडे लिहा आणि कारण टिपून ठेवा. संशोधन-प्रस्तावातल्या साहित्य-आढाव्यासाठी तीच टिपणं सगळ्यात जास्त उपयोगी पडतात. रकाने भरताना कुठे अडलात तर खाली लिहा, आपण मिळून बघू.