कसब कोणाच्या मालकीचे?

अ‍ॅनाली सॅक्सेनियन यांच्या ‘रीजनल अ‍ॅडव्हान्टेज’ (१९९४) या पुस्तकाचा निष्कर्ष मला पटतो, त्याचा पाया मात्र अपुरा वाटतो. बोस्टनजवळचा ‘रूट १२८’ मागे पडला आणि सिलिकॉन व्हॅली पुढे गेली. कारण व्हॅलीतले अभियंते सहज नोकऱ्या बदलत आणि शिकलेले सोबत नेत, असे त्या मांडतात. १९५७ मध्ये शॉकली यांची प्रयोगशाळा सोडून आठ जणांनी फेअरचाइल्ड उभारली. त्यांच्यापैकी नॉइस आणि मूर यांनी १९६८ मध्ये इंटेल काढली.

सॅक्सेनियन याचे श्रेय तिथल्या मोकळ्या संस्कृतीला देतात. रोनाल्ड गिल्सन यांनी १९९९ मध्ये त्यामागचा कायदा दाखवला. नोकरी सोडल्यावर प्रतिस्पर्ध्याकडे न जाण्याचा करार कॅलिफोर्नियात १८७२च्या संहितेने रद्दबातल ठरतो. मॅसॅच्युसेट्सची न्यायालये तो मान्य करीत.

आपल्या करार कायद्याचे कलम २७ही १८७२चेच. दोन्हींचे मूळ न्यूयॉर्कच्या डेव्हिड डडली फील्ड यांच्या मसुद्यात आहे. पण आपल्याकडे काय घडले? कल्याणच्या कारखान्यात टायर कॉर्डच्या धाग्याचे तंत्र शिकलेला एक शिफ्ट सुपरवायझर पाच वर्षांचा करार संपण्याआधीच कोट्याच्या प्रतिस्पर्धी कंपनीत गेला. सेंच्युरी स्पिनिंगच्या या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये त्याच्यावरची मनाई कायम ठेवली. कराराच्या मुदतीतले बंधन वेगळे आणि मुदतीनंतरचे वेगळे, हा न्यायालयाचा भेद. मालकाने परदेशी तंत्र आणून शिकवले होते, त्याची गुपिते राखली पाहिजेत, हेही मान्य. पण मनाई गुपिते फोडण्यापुरती नव्हती. उरलेल्या मुदतीत तेच काम दुसरीकडे करण्यालाही ती लागू होती. गुपित कंपनीचे असेल. हाताला लागलेले वळण कोणाचे?

माझा आक्षेप इथे आहे. सॅक्सेनियन यांच्या मांडणीत माणसाने मोकळे असावे, कारण त्याने प्रदेशाची भरभराट होते. फायद्यापोटी दिलेली मोकळीक तोटा दिसताच काढूनही घेता येते. कल्याणचा माणूस कोट्याला गेल्याने उद्योगाचे भले झाले की नुकसान, हा नंतरचा प्रश्न. शिकलेल्या कामावर हवे तिथे पोट भरण्याचा त्याचा हक्क, हा आधीचा. नंतरच्या प्रश्नाचे उत्तर हे पुस्तक उत्तम देते. आधीचा ते विचारत नाही.