कोकसाचा आठवडा

वेरूळच्या कैलास लेण्याविषयी दोन साक्षी आहेत. एक ताम्रपटाची, दुसरी गोष्टीची. शाळामास्तर या नात्याने मी पुष्कळ वर्षे पहिलीच खरी धरली आणि दुसरीला वर्गाबाहेर उभे केले. त्या चुकीची ही कबुली.

आधी गोष्ट. ती कृष्ण याज्ञवल्कीच्या 'कथाकल्पतरू'त आहे. राजा दुखण्याने खंगला. राणी माणकावतीने वेरूळच्या घृष्णेश्वराला नवस केला : राजा बरा झाला तर देऊळ बांधीन, आणि त्याचे शिखर दिसेपर्यंत अन्नाला शिवणार नाही. राजा बरा झाला. पण कारागीर म्हणाले, शिखर व्हायला कित्येक महिने लागतील. राणी जगायची कशी? तेव्हा पैठणचा कोकस पुढे झाला. आठवड्यात शिखर दाखवतो म्हणाला, आणि डोंगराच्या माथ्यापासून खोदू लागला. राणीच्या नावावरून देवळाला माणकेश्वर म्हणू लागले.

काही वर्षांपूर्वी शाळेची सहल घेऊन गेलो असता एका मुलाने कैलासाच्या अंगणातच ही कथा सांगितली. मी म्हणालो, "थाप आहे. पहिला कृष्ण, राष्ट्रकूट, आठवे शतक, एवढे लिहून घे." त्याचा बाप पाथरवट. मान खाली घालून तो म्हणाला, "पण गुरुजी, वरनंच खोदलंय की. म्हंजे परांची बांधायला नको."

मी निरुत्तर झालो. २७६ फूट लांब, १५४ फूट रुंद आणि मागल्या अंगाला १०७ फूट खोल असा तो खड्डा. त्यात अखंड खडकाचे देऊळ. आठवडा खोटा, पण रीत खरी! कथाकाराने दगड नीट पाहिला होता. कुणी शिखरापासून का आरंभ करील, असा त्याला प्रश्न पडला, आणि उत्तरादाखल त्याने एक उपाशी बाई उभी केली. कादंबऱ्या लिहिणाऱ्या मला त्या युक्तीचा हेवा वाटतो.

आता ताम्रपट. बडोद्याला सापडलेला, कर्कराजाचा, शके ७३४ म्हणजे इ. स. ८१२चा. त्यात कृष्णराजाच्या या देवळाची स्तुती आहे. देव तर थक्क झालेच, पण घडवणारा स्वतःही आपल्या हातून हे कसे झाले म्हणून चकित झाला, असे तो सांगतो. माणसाचे अचंबित मन टिपले, नाव मात्र टिपले नाही.

ती उणीव गोष्टीने भरली. अर्थात कोकस हाच कृष्णराजाचा स्थपती, असे मी म्हणणार नाही. 'वसुदेवहिंडी' या जुन्या प्राकृत ग्रंथातही कोक्कास नावाचा यंत्रकुशल कारागीर भेटतो. नाव उसने असावे. शिवाय गोष्टीचाही एक अन्याय आहेच. ती कृष्णराजाला साफ विसरते, आणि शेकडो छिन्न्यांचे श्रम एका माणसाच्या खात्यावर मांडते.

हल्ली मी फळ्यावर दोन्ही साक्षी शेजारी लिहितो आणि मुलांना विचारतो, कोण काय विसरले? तास रंगतो. त्या पाथरवटाच्या मुलाला मात्र हे सांगायचे राहून गेले. पुढल्या वर्षी तो शाळेत आला नाही. दिवाळीच्या फराळाबरोबर कुणी त्याला हे पान वाचून दाखवील, तर त्याच्या गुरुजींवर उपकार होतील.