जगद्दलाची ताडपत्रे : 'सुभाषितरत्नकोशा'च्या निमित्ताने

नालंदेचे ग्रंथालय सहा महिने जळत होते, हे वाक्य आपल्या सभांतून व स्मरणिकांतून इतक्या वेळा येते की त्याचा आधार कोणी विचारीत नाही. आधार शोधू गेल्यास हाती येतो तो मिन्हाज-ए-सिराजचा 'तबकात-ए-नासिरी' हा १२६० च्या सुमाराचा फारसी ग्रंथ. बख्तियार खिलजीच्या स्वारीत असलेल्या दोन भावांकडून मिन्हाजने ऐकले ते असे : बिहारचा किल्ला पडला, मुंडण केलेले सारे रहिवासी मारले गेले, पुष्कळ ग्रंथ सापडले, पण त्यांचा अर्थ सांगावयास कोणीच उरले नव्हते. तेथे नालंदेचे नाव नाही (ते स्थळ ओदंतपुरी असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात) आणि ग्रंथ जाळल्याचा उल्लेखही नाही. धर्मस्वामी हा तिबेटी यात्रिक १२३४ ते १२३६ या काळात भारतात होता. त्याने नालंदा पाहिली तेव्हा पडझड झालेल्या त्या विहारात नव्वदी ओलांडलेले राहुलश्रीभद्र सुमारे सत्तर विद्यार्थ्यांना शिकवीत होते.

यामुळे संहाराचे क्रौर्य तिळमात्र उणे होत नाही. बाबासाहेबांनी बौद्ध धर्माच्या ऱ्हासावरील आपल्या अपूर्ण लेखनात भर दिला आहे तो भिक्षूंच्या कत्तलीवर. आमच्या मते हीच दृष्टी मूळ साधनाला धरून आहे. ग्रंथ होते, वाचणारा मारला गेला होता.

मग उरले काय? या प्रश्नाचे एक उत्तर दोन मराठी विद्वानांनी दिले आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी आणि वासुदेव विश्वनाथ गोखले यांनी संपादिलेला विद्याकराचा 'सुभाषितरत्नकोश' १९५७ साली, म्हणजे नागपूरच्या धम्मदीक्षेच्या पुढल्याच वर्षी, हार्वर्डच्या प्राच्य ग्रंथमालेत निघाला. अकराव्या शतकाच्या उत्तरार्धात सिद्ध झालेला व पुढे वाढविलेला हा सतराशेहून अधिक श्लोकांचा संग्रह वरेंद्रीतील जगद्दल विहारात तयार झाला, असा संपादकांचा निष्कर्ष आहे. तो विहार तुर्की स्वाऱ्यांच्या काळात लयास गेला. आज त्याचे अवशेष बांगलादेशात आहेत. पोथी मात्र तिबेटातील ङोर मठात टिकली. तेथून राहुल सांकृत्यायनांनी छायाचित्रे आणली. तत्पूर्वी १९१२ साली एफ. डब्ल्यू. थॉमस यांनी नेपाळातील एका खंडित प्रतीवरून हाच संग्रह छापला होता. पोथीचे नावच हरवलेले असल्याने त्यांनी आरंभीच्या श्लोकावरून 'कवीन्द्रवचनसमुच्चय' हे नाव योजले. ग्रंथ राहिला, नाव गेले! विद्याकराला त्याचे श्रेय परत मिळाले ते कोसंबी-गोखल्यांच्या चिकाटीमुळे. अस्पष्ट छायाचित्रांवरून ताडपत्र वाचणे हे केवढे कष्टाचे काम, हे ते करणाऱ्यासच ठाऊक.

संपादनाविषयी आम्हांस आदरच आहे. कोसंबींच्या प्रस्तावनेविषयी मात्र मतभेद नोंदवावा लागेल. ही कविता आश्रयदात्या वरिष्ठ वर्गाची व म्हणून ऱ्हासशील, असा त्यांचा निवाडा आहे. डॅनियल इंगल्स यांनी १९६५ च्या आपल्या इंग्रजी भाषांतरात त्याचा प्रतिवाद केला. आश्रयाचा मुद्दा कोसंबींचाच खरा. संस्कृत काव्य कोणाच्या अन्नावर वाढले हे आपल्या वाचकांना सांगावयास नको. परंतु याच संग्रहात गळक्या छपराखालच्या उपाशी कुटुंबाचे श्लोक आहेत, खेड्यातील शेतकऱ्याचे आहेत. ते विहाराशी निगडित माणसाने वेचून ठेवले, याचा उलगडा वर्गाच्या एका सूत्राने होत नाही.

उलट बाजूही आहे. संग्रह सुगताच्या वंदनेने सुरू होतो, बोधिसत्त्वांकडे वळतो, आणि लगेच महेश्वर व हरी येतात. पुढे पानोपानी शृंगार. विहाराची सीमा किती सैल झाली होती, याची ही साक्ष आपल्याला सुखावणारी नसली तरी ती झाकून ठेवणे अभ्यासकास शोभणार नाही. आणि या कवींच्या नामावळीत धर्मकीर्तीही आहे. तो तर्कशास्त्री धर्मकीर्तीच असेल, तर ज्याच्या 'प्रमाणवार्तिका'चा संस्कृत पाठही राहुलजींना तिबेटातच गवसला, त्याचे प्रेमश्लोक जगद्दलाच्या भिक्षूंनी त्याच्या न्यायग्रंथांशेजारी ठेवले असणार.