‘स्मृतिचित्रां’तील कृपा आणि इच्छा

मनुष्य तरतो तो ईश्वरी कृपेनें कीं स्वतःच्या इच्छेनें, हा ख्रिस्ती धर्मशास्त्रांतील वाद पांचव्या शतकांतील ऑगस्टीन व पेलाजियस यांच्यापासून चालत आला आहे. डॉर्टच्या धर्मसभेनें (१६१८-१९) एकदां लाभलेली कृपा ढळत नाहीं, असा निर्णय दिला. तरी वाद मिटला नाहीं. रामानुजांच्या अनुयायांतील मांजरीचें पिलूं व माकडिणीचें पिलूं हे दृष्टान्त याच प्रश्नाचे होत.

लक्ष्मीबाई टिळकांचीं ‘स्मृतिचित्रें’ आम्हीं याच दृष्टीनें पुन्हां वाचलीं. पति १८९५ मध्यें ख्रिस्ती झाले. बाईंनीं बाप्तिस्मा घेतला १९०० मध्यें. मधल्या काळांत त्यांचें सोंवळें सुटतां सुटेना. जातिभेद मनुष्यकृत आहे, हें एके दिवशीं अकस्मात् उमगलें, आणि मग कोणाच्याही हातचें पाणी त्यांना वर्ज्य उरलें नाहीं. या क्षणास कृपा म्हणावें कीं इच्छा? विचार त्यांचाच, पण तो आला मात्र न बोलावतां. बाई निवाडा करीत नाहींत. घडलें तें सांगून पुढें जातात. कोणी यास तात्त्विक उणेपणा म्हणेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. सिद्धान्तांत जीं एकमेकांस छेदतात, तीं अनुभवांत एकत्र नांदतात. आणि अनुभवाशीं इमान राखणें हेंच आत्मचरित्राचें पहिलें कर्तव्य होय.