शाळा निर्दोष सुटते

आपल्या साहित्यावर लिहिणारे समीक्षक कविता तपासतात, कथा तपासतात, आत्मकथनं तर पंचनामा करावा तशी तपासतात. पण जो मजकूर आपल्या वस्तीतल्या प्रत्येक पोराच्या कानात रोज सकाळी ओतला जातो, त्याची समीक्षा कुणी केलेली मला दिसली नाही. तो मजकूर म्हंजे शाळेचा परिपाठ, आणि त्या परिपाठाच्या मुळाशी बसलेली ती दहा मूल्यं. पुस्तकाच्या हजार प्रती खपल्या की आपण लेखकाला मोठा म्हणतो. हा मजकूर लाखो पोरांच्या तोंडी आहे आणि त्याचा लेखक कोण, हे कुणी विचारत नाही. म्हणून मी आज हाच मजकूर वाचायला घेतलाय. गिरणीतून सुटल्यावर जसा वाचता येतो तसा वाचलाय, प्राध्यापकासारखा नाही.

१९९७ च्या सुमारास महाराष्ट्र सरकारने शाळेत मूल्यशिक्षण आणलं. मूल्यं दहा ठरली. वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, श्रमप्रतिष्ठा, सौजन्यशीलता, संवेदनशीलता, वैज्ञानिक दृष्टिकोन, स्त्री-पुरुष समानता, सर्वधर्मसहिष्णुता, राष्ट्रभक्ती, राष्ट्रीय एकात्मता. कित्येक शाळांच्या भिंतींवर ती अजून रंगवलेली आहेत. शब्द सगळे गुळगुळीत आहेत, कुठे बोट ठेवायला जागा नाही असं पहिल्यांदा वाटतं. पण मित्रहो, मजकूर वाचताना दोन गोष्टी बघायच्या असतात. वाक्याचा कर्ता कोण, आणि कुठला शब्द गाळलाय.

आधी गाळलेला शब्द बघू. स्त्री-पुरुष समानता आहे, ठीकच आहे, सावित्रीबाईंच्या मुलखात ती नसती तर लाज वाटायला पाहिजे होती. धर्म आहे, राष्ट्र आहे. जात नाही. दहा बोटं मोजली तरी जात नाही आणि न्यायही नाही. कुणी म्हणेल, अरे, राष्ट्रीय एकात्मतेत ते सगळं आलंच की! मग स्त्री-पुरुष समानता सौजन्यशीलतेत येत नव्हती काय? तिला वेगळी ओळ द्यावीशी वाटली, कारण त्या अन्यायाचं नाव घ्यायची तयारी होती. ज्या देशात शाळेचा दरवाजा शेकडो वर्षं जातीनेच बंद ठेवला, त्या देशातल्या शाळेच्या मूल्यांत जातीचं नाव नसणं हा छापखान्याचा दोष नव्हे. इथं रोग्याला सगळी औषधं लिहून दिली आणि रोगाचं नाव तेवढं कोरं ठेवलं.

आता कर्ता बघू. दहाच्या दहा मूल्यांचा कर्ता पोरगं आहे. पोराने वेळेवर यायचं, पोराने नीटनेटकं राहायचं, पोराने सौजन्याने बोलायचं. मास्तर कुठाय? संस्था कुठाय? महापालिका, सरकार कुठाय? मोरीत नळाला रात्री दोन वाजता पाणी येतं त्या घरातल्या पोराचा सदरा मळका असला तर 'नीटनेटकेपणा' ह्या शब्दाखाली गुन्हेगार ते पोरगंच ठरतं. पाण्याची वेळ ठरवणाऱ्याला मूल्यशिक्षणाचा तास नसतो.

आणि इथे कायदा वाचला तर गंमत कळते. २००९ चा शिक्षण हक्क कायदा, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याचं २४ वं कलम बघा. नियमित आणि वेळेवर येण्याचं बंधन त्यात शिक्षकावर घातलंय. अभ्यासक्रम मुदतीत पुरा करणं, पोराला कुठं जमत नाही ते ओळखून जादा शिकवणं, आईबापांना नेमाने भेटणं, हीसुद्धा शिक्षकाचीच कर्तव्यं. ९ वं कलम स्थानिक प्राधिकरणावर, म्हंजे आपल्या इथं कल्याण-डोंबिवली महापालिकेवर, जबाबदारी टाकतं की दुर्बल आणि वंचित घरच्या पोराशी शाळेत भेदभाव होता कामा नये. १७ वं कलम मारझोड आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी करतं. म्हंजे कायद्यात वक्तशीरपणा मास्तरचा होता, परिपाठात येईपर्यंत तो पोराचा झाला! कायद्यातली जबाबदारी वरून खाली घरंगळत आली आणि सगळ्यात लहान माणसाच्या डोक्यावर येऊन बसली.

मास्तरलोकांना एकतर्फी शिव्या द्यायला मी बसलेलो नाही. जनगणना, आपत्ती आणि निवडणूक एवढी कामं कायद्यानेच त्यांच्या गळ्यात ठेवली आहेत, आणि त्यावर आणखी कागदांचा ढीग असतो. पण तक्रार करायची ताकद मास्तरकडे आहे, संघटना आहे. दुसरीतल्या पोराकडे काय आहे?

श्रमप्रतिष्ठेबद्दल मी बोललंच पाहिजे, कारण हा शब्द माझ्या पोटाचा आहे. शाळेत ह्या शब्दाचा अर्थ काय होतो? पटांगण झाडणं. आणि झाडू कुणाच्या हातात दिला जातो ते ज्याच्या हातात दिला गेला त्यालाच विचारा. आमच्या आंबिवली-मोहने पट्ट्यात श्रम म्हंजे नॅशनल रेयॉन. ती कंपनी २००९ साली बंद पडली आणि हजारो कामगारांची देणी वर्षानुवर्षं लटकली. त्याच वर्षी तिकडे दिल्लीत शिक्षण हक्काचा कायदा पास झाला. ज्या पोरांना हक्क मिळाला त्यांच्या बापांचा पगार बंद झाला, असं ते साल होतं. ह्या गावात श्रमप्रतिष्ठा शिकवायची तर बंद गेट दाखवून शिकवा ना! पगार, बोनस, ग्रॅच्युइटी, युनियन हे शब्द फळ्यावर लिहा. झाडू हातात देऊन श्रमाची प्रतिष्ठा कळत नाही, जात कळते.

हे आजचं नाही. शाळेवर आरोप ठेवायचे आणि शाळा सुटायची, हा खटला पावणेदोनशे वर्षं चाललाय. १८५६ साली धारवाडला एका महार पोराने सरकारी शाळेत नाव घालायला अर्ज केला. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. शाळा सरकारी, पैसा सरकारी, तरी सरकारनेच त्याला आत घेतलं नाही. बाकीची पोरं उठून जातील, ही भीती. १८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर कमिशनपुढे निवेदन ठेवलं. कर रयतेचा आणि विद्या वरच्यांची, हे त्यांनी सरकारच्या तोंडावर सांगितलं आणि निदान बारा वर्षांपर्यंतचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा म्हणाले. १९१७ साली शाहू महाराजांनी कोल्हापुरात सक्तीचं मोफत शिक्षण सुरू करून दाखवलं. म्हंजे मनात आणलं तर होतं.

१९२७ च्या मार्चमध्ये बाबासाहेब मुंबई कायदे कौन्सिलात शिक्षणाच्या खर्चावर बोलले. ते भाषण आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याने वाचावं, कारण त्यात आसवं नाहीत, हिशेब आहे. सरकार शिक्षणावर माणशी चौदा आणे खर्च करतं आणि दारूच्या अबकारीतून माणशी दोन रुपयांवर वसूल करतं, हे त्यांनी मांडलं. शाळेत शिरलेल्या शंभर पोरांपैकी चौथीपर्यंत अठराच पोचतात, हेही मांडलं. उरलेल्या ब्याऐंशींचं काय झालं हा प्रश्न त्यांनी सरकारला विचारला, पोरांच्या आळसाला नाही. बाबासाहेबांची रीत ही आहे. कर्ता कोण ते आधी शोधायचं.

मग घटना आली. ४५ व्या कलमात दहा वर्षांची मुदत होती, १९६० पर्यंत चौदा वर्षांखालच्या सगळ्या पोरांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण. मुदत टळली. कुणावर केस झाली नाही. २००२ साली ८६ वी दुरुस्ती होऊन २१-क कलम आलं, शिक्षण हा मूलभूत हक्क झाला. पण त्याच दुरुस्तीत एक शेपूट आहे. ५१-क मध्ये नवं कर्तव्य घातलं, आईबापांनी पोराला शिकायची संधी द्यावी. कर्तव्य वाईट नाही. आमच्या आयांनी ते घटनेत यायच्या आधीपासून पाळलंय, कानातलं विकून पाळलंय. पण सरकारने बेचाळीस वर्षं मुदत चुकवली, आणि हक्क देतानासुद्धा एक बोट आमच्याच आईकडे दाखवून दिला, हे लक्षात ठेवा.

२०२४ च्या फेब्रुवारीत काय झालं ते तर ताजं आहे. खाजगी विनाअनुदानित शाळांनी पंचवीस टक्के जागा वंचित आणि दुर्बल घरच्या पोरांना द्यायच्या, असं कायदा सांगतो. राज्य सरकारने नियम बदलला. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेवर ती जबाबदारी नाही. ऐकायला साधं वाटतं. पण आपल्यासारख्या दाटीच्या गावात एक किलोमीटरवर पालिकेची नाहीतर अनुदानित शाळा सापडणारच. म्हंजे एका ओळीत शहरातल्या बहुतेक खाजगी शाळा मोकळ्या. १९ जुलै २०२४ ला मुंबई हायकोर्टाने तो बदल रद्द केला म्हणून वाचलो. आईबाप कोर्टात गेले म्हणून वाचलो. शाळा ह्या वेळेला निर्दोष सुटली नाही, कारण कुणीतरी उभं राहिलं.

आता थोडं आपल्या साहित्याबद्दल. अण्णा भाऊ साठे दीड दिवस शाळेत गेले, हे वाक्य आपण प्रत्येक जयंतीला टाळ्या घेऊन म्हणतो. दीड दिवस शाळा आणि एवढं साहित्य! हा चमत्कार झाला. पण टाळ्यांच्या गडबडीत एक गोष्ट सुटते. अण्णा भाऊंसारखा माणूस ज्या शाळेला दीड दिवससुद्धा सांभाळता आला नाही, ती शाळा केवढी नालायक! आपण लेखकाची थोरवी गातो आणि आरोपीला सोडून देतो.

आपल्या आत्मकथनांनी हे केलं नाही. 'आठवणींचे पक्षी' १९७९ चं, 'उपरा' १९८० चं, 'अंतःस्फोट' १९८१ चं. ह्या लोकांनी शाळेचा दरवाजाही लिहिला आणि दरवाजामागचा माणूसही लिहिला. कुमुद पावडे संस्कृत शिकल्या आणि ते शिकताना काय काय ऐकावं लागलं ते त्यांनी नोंदवून ठेवलं. ती पुस्तकं म्हंजे जबान्या आहेत. त्यांच्यात शाळा पिंजऱ्यात उभी आहे.

पण आजच्या आपल्या कवितेत काय दिसतं? पेन दिसतं, पुस्तक दिसतं, निळी पहाट दिसते, 'शिका' हा शब्द दर चौथ्या ओळीत दिसतो. नाव दाखल झालं की कविता संपते. दाखल झाल्यावर वर्गात काय झालं, कुणाला शेवटच्या बाकावर बसवलं, कुणाला शिष्यवृत्तीच्या यादीसाठी भर वर्गात उभं करून जात विचारली, ते कवितेत येत नाही. शाळेची आरती करणारी कविता मला आपली वाटत नाही. बाबासाहेबांनी 'शिका' म्हटलं ते शाळेवर विश्वास होता म्हणून नव्हे, विद्येवर विश्वास होता म्हणून. सातारच्या शाळेत घरून आणलेल्या गोणपाटावर बसलेला माणूस शाळेबद्दल भोळा कसा असेल?

मग चांगली शाळा कशी ओळखायची? माझ्यापुरतं माप मी ठरवलंय. १८५५ साली ज्ञानोदयात एका चौदा वर्षांच्या मांग पोरीचा निबंध छापून आला. मुक्ताबाई. फुल्यांच्या शाळेतली. तिने मांगमहारांच्या दुःखावर लिहिलं. वेद जर ब्राह्मणांचेच असतील तर आमचा धर्म कोणता, हे तिने विचारलं. पेशवाईत आपल्या माणसांचं काय झालं ते सांगितलं. बाळंत होणाऱ्या बाईच्या डोक्यावर छप्परसुद्धा नसतं, ते सांगितलं. त्या शाळेने तिला सौजन्य शिकवलं की नाही मला माहीत नाही, साक्ष द्यायला शिकवलं. डोळ्यांनी दिसतं ते नावानिशी, कागदावर, सगळ्यांदेखत सांगायला शिकवलं. दहा मूल्यांच्या यादीत नेमकी हीच जागा रिकामी आहे.

आणि ती रिकामी जागा माणसं मारते. खर्डा म्हटलं की तुम्हाला पुढचं सांगायला नको. २८ एप्रिल २०१४, नगर जिल्ह्यातला जामखेड तालुका, अकरावीतला सतरा वर्षांचा आपला पोरगा. शाळेतून मारत नेला, प्रेत झाडाला लटकलेलं सापडलं. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये कोर्टाने सगळ्या आरोपींना सोडलं. साक्षीदार फितूर झाले. त्यात शिक्षकही होते. ज्यांनी राष्ट्रीय एकात्मता शिकवायची, संवेदनशीलता शिकवायची, त्यांना कोर्टात काही आठवलं नाही. दहा मूल्यं भिंतीवर होती आणि अकरावं कुठेच नव्हतं.

ह्यावर नुसता संताप पुरत नाही. शिक्षण हक्क कायद्याचं २१ वं कलम आपल्या हातात एक साधं हत्यार देतं, शाळा व्यवस्थापन समिती. विनाअनुदानित सोडून बाकी प्रत्येक शाळेत ती असलीच पाहिजे. तीन चतुर्थांश आईबाप पाहिजेत, निम्म्या बाया पाहिजेत, वंचित घरच्यांना त्यांच्या प्रमाणात जागा पाहिजेत. वस्तीत फिरून विचारा, आपल्या शाळेची समिती कुणाची आहे? कितीजणींना आपण समितीवर आहोत हे माहीत आहे? नुसता अंगठा किंवा सही घेऊन वही बंद होते काय? जयंतीची वर्गणी काढायला आपण दारोदार जातो, तसं एकदा ह्या वहीसाठी जा. बैठकीची तारीख विचारा. ठराव वाचून दाखवायला लावा. पोराला मारलं, जात काढली, झाडू दिला, तर त्या वहीत तारखेसकट लिहायला लावा.

हक्क कागदावर आहे, जबाबदारीही कागदावर आहे, आणि दोन्हींच्या मधे साक्षीदार नाही. ते काम आपलं आहे. मुक्ताबाईने चौदाव्या वर्षी केलं. आपण तर मतदार आहोत.

जयभीम.